चौतीस बाय ऐंशी

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्या बोळात,
रात्री पावणेदोनला.
आधी नळ खोकतो म्हणे.
मला राजमणी हलवून उठवते,
तिच्या ओठांवर दिसतं : नीळ्ळु वच्चिनय!
आणि अख्ख्या साखर पेठेत पिंपांची झाकणं उघडतात.

मी पाइप धरून उभा राहतो,
आणि दर वेळी, खरं सांगतो,
तो डोंगर आठवतो.

शेठच्या पोराचा पाय मोडला
म्हणून माझं तिकीट निघालं.
पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी
आणि बारा टॉवेलांचा नमुना,
चौतीस बाय ऐंशी सेंटिमीटर, पांढऱ्यावर निळा काठ.
एवढ्याशा फडक्यात जपानी माणूस
नेमकं काय पुसतो
हे आमच्या खात्यात कुणालाच कळलं नव्हतं.

दोन रेल्वे, एक बस, मग नुसता बर्फ.
सरायच्या दारात एक बाई गुडघ्यांवर बसली,
कपाळ चटईला टेकवलं.
मी मागे वळून पाहिलं, शेठ आले की काय.
माझे मंगळवार बाजारातले बूट तिने उचलले
आणि दाराकडे तोंड करून ठेवले,
जाताना मला वळावं लागू नये म्हणून.
माझ्या जाण्याचा एवढा विचार
आजवर कुणी केला नव्हता.

मग कळलं,
इथे आंघोळीला आंघोळ करून जायचं.
बुटक्या स्टुलावर बसून स्वतःला घासायचं,
आणि उतरायचं, अंगावर काही न ठेवता.
सव्वीस वर्षांत राजमणीनेसुद्धा
मला असं उजेडात पाहिलेलं नाही.

टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही,
घडी करून डोक्यावर ठेवायचा.
अच्छा.
म्हणजे अक्कलकोट रोडला रात्रपाळीत
आम्ही जे पायाशी ढीग लावून मोजतो
ते इथे डोक्यावर घेतात.

पाणी बेचाळीस अंश,
सोलापूरची मे महिन्यातली दुपार,
फक्त ओली.
वास ओळखीचा, रंगखात्यातल्या सल्फर ब्लॅकचा.
मी हात वर काढून पाहिले.
काळे झाले नव्हते.

पलीकडे एक म्हातारा काहीतरी बोलला.
फार मोठ्याने बोलला असणार,
कारण कडेचे दोघं दचकले.
मी म्हणालो, काय?
तेव्हा ते पुन्हा दचकले.
तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता.
ओठांकडे कोण बघतं ते मला माहीत आहे.

मी पाण्यात हात फेकला, डावीकडून उजवीकडे,
उजवीकडून डावीकडे. धोटा.
तो हसला, वरचे दोन दात नव्हते,
त्याने दोन्ही कानांवर बोटं ठेवली,
मग वर्षं मोजली, चुकला, पुन्हा मोजली :
एकोणचाळीस.
मी एकतीस दाखवली. त्याने मान हलवली,
जशी कारखान्यातला जुना जॉबर
नव्या पोराकडे बघून हलवतो.

त्यानंतर काही नाही.
त्याच्या टॉवेलावर बर्फ पडत होता, माझ्याही.
बर्फ पडताना आवाज होत नाही म्हणतात.
आम्हा दोघांना विचारू नका.

ऑर्डर मिळाली नाही.
काठ दोन धागे जाड निघाला.
शेठ काही बोलले नाहीत,
म्हणजे बोललेही असतील.

नमुन्यांतला एक राजमणी हंड्याच्या तोंडाला बांधते,
त्यातून गाळ थांबतो.
बाकीचे शेजारी गेले.
आज शेवटची बादली भरल्यावर
तोच सोडून घेतला, पिळला, घडी करून डोक्यावर ठेवला
आणि मोरीच्या दगडावर बसलो.
नळाचं पाणीही एप्रिलमध्ये कोमट असतं आमच्याकडे.
ती कंदील धरावा तसा मोबाइल धरून म्हणाली,
हे काय सोंग?
उत्तर मोठं होतं, आणि पहाटेचे तीन.

सकाळी ती विडीचे कट्टे घेऊन निघाली.
त्याआधी मी तिच्या चपला
उंबऱ्यापाशी दाराकडे तोंड करून ठेवल्या.
ती थबकली, पाय सरकवले,
काहीतरी पुटपुटली.

पाठमोरी होती.
ओठ दिसले नाहीत.